नव्वद सेकंदांत न सुटलेली

स्टॉपवॉचचं बटण उजव्या अंगठ्याने दाबायचं. डाव्याने दाबलं तर अर्धा सेकंद उशीर होतो. हे मला कुणी शिकवलेलं नाही.

*

सूचक ओळ: न बोलावता येतो, असतो तोवर सगळे विचारपूस करतात, गेला की घर मोकळं वाटतं.
घरं: दोन.
उत्तर: ताप. (पाहुणा म्हणणाऱ्यांनी आधी घरं मोजावीत.)

*

प्रेक्षकांना सूचना. पुढच्या भागाआधी सगळ्यांनी जागा बदला. स्वेटर घातला असेल तर काढा, काढला असेल तर घाला. पडद्यावर आता पुढचा आठवडा सुरू होतोय.

*

सासूबाईंना कार्यक्रमाच्या शेवटी पडद्यावर भराभर वर सरकणारी नावं वाचता येत नसत. तरी थोरल्या सुनेचं नाव आलं की त्या बरोबर ओळखायच्या. "ती बघा, चौथी ओळ!" चौथी ओळ वर गेली की टीव्ही बंद. एकोणिसाव्या ओळीत 'इतर साहाय्य' असायचं. ती मी.

*

कोडेकाराच्या खुर्चीला हात होते. त्या मजल्यावर बाकी कुणाच्याच खुर्चीला नव्हते.

*

"मॅम, दोन पानांत इतिहास लिहून द्याल? कार्यक्रमाला पंचवीस वर्षं झाली ना. वेबसाईटवर टाकू. हलकाफुलका असू दे."

दोन पानं दिली. हलकीफुलकी. त्यात न बसलेलं हे.

माणसं

थोरली म्हणजे माझी मोठी जाऊ. 'भरा पाहू' या कार्यक्रमाची सगळी शब्दकोडी पंचवीस वर्षं तिने केली. ती सगळी सर्वांत आधी मी सोडवली. ती कोडेकार, मी चाचणीवाली. तिची खुर्ची मला हवी होती. हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. यंदा ती निवृत्त होणार होती आणि खुर्ची रिकामी होणार होती.

सूत्रसंचालकाला आम्ही घसा म्हणतो. माइक बंद पडला तरी त्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो, म्हणून. पंचवीस वर्षांत त्याने केस काळे ठेवले आणि विनोद तेच ठेवले.

आणखी एक जुने निर्माते, मोठे साहेब. ते गेल्यावर आलेली नवी निर्माती, जी सगळ्यांना मॅम म्हणते, घशालासुद्धा एकदा चुकून म्हणाली होती.

एवढीच माणसं.

पाटी

पहिली पाटी सुताराने केली. चाळीस खाचा, त्यांत उलटे ठेवलेले लाकडी ठोकळे. एकेका ठोकळ्यावर एकेक अक्षर. स्पर्धकाने अक्षर मागितलं की ठोकळा फिरवायचा. हवेत ओल आली की ठोकळे फुगून बसायचे. एकदा 'मा' काही केल्या फिरेना, तेव्हा घसा म्हणाला, "मंडळी, मा रुसलाय. त्याला सोडून पुढे जाऊ." लोकांना ते इतकं आवडलं की पुढचे दोन महिने मुद्दाम एखादा ठोकळा रुसवला जायचा.

नंतर लोहचुंबकाची पाटी आली. नंतर दिव्यांची. मग नुसता पडदाच. पाटी तीन वेळा बदलली, पण खेळ तोच राहिला. वर रिकामी घरं, खाली सूचक ओळ, तीन स्पर्धक, ज्याला आधी सुचेल त्याने बटण दाबायचं.

दोन पानांत मी हे सगळं लिहिलं. वेबसाईटवर ते पाटीच्या फोटोंसकट छान दिसतं.

कार्ड

हे मात्र कुठे लिहिलेलं नाही.

थोरली कोडं एका कार्डावर लिहायची. पुढच्या बाजूला सूचक ओळ आणि रिकामी घरं, पाठीवर उत्तर. दर सोमवारी पन्नास कार्डांचा गठ्ठा माझ्याकडे यायचा. पाण्याच्या टाकीखाली एक खोली होती, आधी तिथे कपडेपटाचे हँगर ठेवत. त्या खोलीत मी, एक टेबल, एक बिनहाताची खुर्ची आणि स्टॉपवॉच. कार्ड समोर घ्यायचं, बटण दाबायचं, सुटलं की पुन्हा दाबायचं, पाठ उलटून उत्तर ताडायचं, कोपऱ्यात वेळ लिहायची. तीस सेकंदांच्या आत सुटलं तर सोपं, ते पहिल्या फेरीत जाणार. तीस ते नव्वद म्हणजे उत्तम. नव्वदच्या आत सुटलं नाही तर बाद.

बाद म्हणजे बाद. थोरलीलाही त्यावर बोलायची सोय नव्हती. मोठ्या साहेबांचा नियमच होता. "स्वतःचं पोर कुणाला काळं दिसत नाही आणि स्वतःचं कोडं कुणाला अवघड वाटत नाही. निकाल दुसऱ्याच्या अंगठ्यावर."

त्या खोलीत माझ्या शेजारी कधी कुणी बसलं नाही. तशी गरजच कुणाला वाटली नाही.

मी कशी लागले

थोरली शाळेत शिकवायची आणि एका दैनिकाच्या पुरवणीत कोडी द्यायची. मोठ्या साहेबांनी तिला बोलावून घेतलं. चाचणीसाठी कुणी सुचवा, असं ते म्हणाले.

"आमची धाकटी आहे ना घरी," थोरली म्हणाली. "रिकामीच असते."

मी शेजारीच उभी होते. तिच्यासोबत म्हणून गेले होते, तिची पिशवी धरून.

एकाच मजल्यावर दोन घरं

मधली भिंत एकच. पलीकडे थोरले दीर आणि ती, इकडे आम्ही. सासूबाई महिनाभर तिकडे, महिनाभर इकडे. इकडच्या महिन्यातही गप्पा तिकडच्याच.

सकाळी मुलं शाळेत गेली की पलीकडे थोरली कोडी करायला बसायची. तासभर काही ऐकू यायचं नाही. मग एकदम तिचं हसू यायचं. घरात दुसरं कुणी नाही, रेडिओ बंद, आणि ही एकटीच हसतेय. ओळ जमली की ती अशी हसायची.

मी इकडे कणीक मळता मळता थांबायचे.

तिची साडी, तिचा पगार, तिचं चौथ्या ओळीतलं नाव, ह्यांतल्या कशाकशाचा मला हेवा वाटायचा, पण तो जगरहाटीचा हेवा. जावाजावांत तेवढा चालतो. ह्या हसण्याचा हेवा मात्र वेगळा होता. तो पोटात कळ आल्यासारखा यायचा. मीही एक वही आणली आणि चोरून कोडी करायला लागले. वही भरली. दुसरी भरली. घरं बरोबर, उत्तर बरोबर, ओळही बरी. मला एकदाही हसू आलं नाही.

चौथं वर्ष: मुलाखत

एका मासिकाची बाई आली होती. थोरलीच्या दिवाणखान्यात फोटो काढले, हाताची खुर्ची त्यासाठी ऑफिसातून आणली. चहा मी दिला.

"तुमची कोडी आधी कुणावर करून बघता?" बाईने विचारलं.

"घरचंच माणूस आहे," थोरली म्हणाली आणि माझ्याकडे पाहून गोड हसली. "आमची धाकटी. अगदी साधी आहे हो. तिला सुटलं म्हणजे कुणालाही सुटतं!"

बाई हसली. फोटोवाला हसला. मीही हसले, हातात ट्रे होता ना.

ते तसंच छापून आलं. सासूबाईंनी मासिकाच्या सहा प्रती आणवल्या आणि एक माझ्या हातात देत म्हणाल्या, "बघ, तुझंही आलंय त्यात."

त्याच्या पुढचा सोमवार

सूचक ओळ: दोघांचीही, आणि दोघांच्याही घराबाहेरची.
घरं: चार आणि दोन.

चार सेकंद. सामाईक भिंत. मी खरंच हसले, टाकीखालच्या त्या खोलीत, एकटी. आणि मग लक्षात आलं की हे हसू तिचं आहे. तिने हसून ठेवलेलं मी उष्टं हसतेय.

आपली मधली भिंत. ही मला का नाही सुचली? माझ्याही बाजूला ती तेवढीच आहे की.

मी बटण पुन्हा दाबलं आणि काटा नव्वदच्या पलीकडे जाईपर्यंत भिंतीकडे बघत बसले. मग कोपऱ्यात लिहिलं, 'नाही'.

दुपारी थोरली कार्ड घेऊन आली. "अगं, हे कुठे अडलं तुला?"

"काहीच कळलं नाही, ताई."

"काहीच नाही? 'दोघांची' म्हटल्यावर सुद्धा?"

"मला वाटलं मुलं."

तिने ओळीवरून एकदा बोट फिरवलं. "असेल," म्हणाली. "फार आडवळणाने गेले मी." आणि कार्ड पर्समध्ये ठेवलं. फाडलं नाही.

तुला सुटलं म्हणजे कुणालाही सुटतं ना? बरं. मग नाही सुटत.

मत्सरालाही चव असते

सरसकट बाद केली असती तर पहिल्याच महिन्यात पकडले गेले असते. मी तसं केलं नाही. बरी कोडी मी प्रामाणिकपणे सोडवली, खऱ्या वेळा लिहिल्या. वाईट कोडीसुद्धा. ज्या कार्डावर वाटलं, हे मला सुचायला हवं होतं, तेवढंच बाद. वर्षाला दोन, कधी तीन.

कधी खोटं बोलत नाही, पण डावं-उजवं मात्र नेहमी करतो. (आरसा. तीन सेकंद. 'नाही'.)

गावाचं नाव कपाळावर, आणि गाव कधी पाहिलं नाही. (मैलाचा दगड. अकरा सेकंद. त्यांतले सात नुसती ओळ पुन्हा पुन्हा वाचण्यात गेले. 'नाही'.)

दागिन्यामुळे तोल गेला. (नाकापेक्षा मोती जड. अडीच सेकंद. 'नाही'.)

उघडं ठेवलं तर घरात भांडण, मिटून ठेवलं तर पोटात दुखणं. हे मी जाऊ दिलं होतं, कारण त्या आठवड्यात माझा ताप नुकताच उतरला होता आणि अंगात दुष्टपणा करायचं त्राण नव्हतं. उत्तर तोंड. ते कोडं इतकं गाजलं की लोक रस्त्यात थोरलीला थांबवून म्हणून दाखवायचे. त्यानंतर मी तापातसुद्धा सावध राहिले.

प्रत्येक वेळी ती यायची. कार्ड हातात.

"हे पण नाही?"

"नाही ताई."

"नव्वद पूर्ण दिलेस?"

"शंभरपर्यंत बसले होते."

"हं."

आधी ती वाद घालायची. मग नुसतं विचारायची. मग विचारायचीही थांबली. बाद कार्डं एका बिस्किटांच्या डब्यात जायची, तो तिच्या ऑफिसातल्या टेबलाच्या खालच्या खणात असायचा. कशाला ठेवतेस, असं दिरांनी विचारलं तेव्हा म्हणाली होती, "आपण कुठे वाहवत जातो ते लक्षात राहावं म्हणून."

दहावं वर्ष ते विसावं

सूचक ओळ: स्वयंपाकघरातली वस्तू.
सूचक ओळ: प्रवासात लागते.
सूचक ओळ: एक पक्षी.

माझ्या वेळा: पस्तीस, चाळीस, अडतीस. सगळं उत्तम वर्गात. दोन-तीन अक्षरं उघडल्याशिवाय स्पर्धकाला सुटणार नाही आणि उघडल्यावर कुणाचं अडणार नाही, अशी कोडी. पलीकडून येणारं हसू कमी झालं. मग आठवड्यातून एकदा. मग मला आठवत नाही कधी थांबलं ते. एखादी गोष्ट थांबते तो दिवस कुणी लिहून ठेवत नाही.

आणि कार्यक्रम? कार्यक्रम असा चालला की विचारू नका. मोठे साहेब म्हणाले, "आता कसं घराघरात सुटतंय! आधी जरा शिष्टपणा होता." पाहणारे दुप्पट झाले. दिव्यांची पाटी आली ती त्याच पैशांतून. 'भरा पाहू' पंचवीस वर्षं टिकला त्याचं एक कारण मी आहे. हेही दोन पानांत लिहिलं नाही.

मला वाटलं होतं तिचं हसणं थांबलं की माझी कळ थांबेल. कळ थांबली नाही. सपाट ओळी लिहूनही तिचं नाव चौथ्या ओळीतच वर जात होतं.

डबा

नव्या निर्मातीने टेबलं आवरायला काढली आणि तिला तो सापडला. सदतीस कार्डं, प्रत्येकाच्या कोपऱ्यात माझ्या अक्षरात 'नाही'.

"मॅम, हे सोनं आहे!" ती थोरलीला म्हणाली. "पंचविशीचा खास भाग ह्याचाच करू. 'कुणालाच न सुटलेली'! जी कोडी आमच्या ऑफिसातही सुटली नाहीत, ती आता तुम्ही सोडवा!"

"नको गं," थोरली म्हणाली. "खराब आहेत ती. तेव्हा माझं जरा डोकं चढलं होतं."

"ताई नको म्हणतात तर राहू दे ना," मी म्हटलं. जरा जास्तच घाईने म्हटलं असेन, कारण निर्माती माझ्याकडे वळली.

"तुम्ही टेन्शन घेऊ नका, मॅम. उलट तुमचंच कौतुक आहे ह्यात. एवढी वर्षं तुम्ही चाळण लावलीत." मग आवाज खाली आणून, "आणि पुढचंही माझ्या डोक्यात आहे बरं का. ह्या कार्यक्रमाची इतकी कोडी दुसऱ्या कुणी पाहिलीत? ताईंनंतर ती खुर्ची तुमचीच."

पंचवीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ते वाक्य उच्चारलं. आणि नेमका तो डबा तिच्या काखेत.

खास भाग

स्पर्धक: एक वायरमन, एक बँकेतला कारकून, एक बालवाडीच्या बाई. सदतिसांतली पंधरा कोडी निवडलेली. मी आणि थोरली आतल्या खोलीत, काचेमागे. तिने स्वतःचं स्टॉपवॉच आणलं होतं.

पडद्यावर घरं आली. चार आणि दोन. दोघांचीही, आणि दोघांच्याही घराबाहेरची.

एकही अक्षर उघडलं नव्हतं. वायरमनने बटण दाबलं. "सामाईक भिंत. आमचा रोजचाच वाद आहे साहेब, खिळा कुणी ठोकायचा."

प्रेक्षक हसले, मग टाळ्या. थोरलीने घड्याळाकडे पाहिलं. पाच सेकंद.

"अरे वा!" घसा गरजला. "आणि हे आमच्या ऑफिसातल्या शहाण्यांना नव्वद सेकंदांत जमलं नाही, मंडळी!"

हशा.

आरसा, बालवाडीच्या बाई, चार सेकंद. नाकापेक्षा मोती जड, कारकून, तीन. मैलाचा दगड सुटायला चौदा लागले. उत्तर आल्यावर सभागृहात कुणीतरी 'आहाहा' म्हटलं आणि लोक उभे राहिले. कोड्यासाठी लोक उभे राहिलेले मी पंचवीस वर्षांत पाहिले नव्हते. घसा प्रत्येक उत्तरानंतर ऑफिसातल्या शहाण्यांवर एकेक विनोद करत होता. त्याला नवे विनोद येतात हेही मला त्या दिवशी कळलं.

थोरली एकदाही माझ्याकडे वळली नाही. ती काचेतून बघत होती आणि तिची मान हळूहळू ताठ होत होती. लोक तिच्या ओळींवर हसत होते. खरं सांगते, पकडले जायची भीती मला नंतर वाटली. आधी आला तो हेवाच.

भाग दाखवला त्या दिवशी सगळे पलीकडे जमले होते. तिशीचा पुतण्या म्हणाला, "काकू, आरसा? आरसापण नाही आला तुला?" आणि सगळे हसले. नवराही.

खुर्ची

दुसऱ्या दिवशी निर्मातीने दोघींना बोलावलं. टेबलावर सदतीस कार्डं पसरलेली.

"मॅम, मला फक्त समजून घ्यायचंय," ती मला म्हणाली. "पंधरा कोडी झाली. सगळ्यांत जास्त वेळ चौदा सेकंद. तुम्हाला नव्वदमध्ये ह्यांतलं एकही नाही?"

मी काही बोलायच्या आत थोरली बोलली.

"अगं, माणसाचे दिवस असतात एकेक. घर, मुलं, सासूबाईंचं आजारपण. तिचंच होतं सगळं. डोकं ठिकाणावर राहतं का? तिला नको छळूस."

"नाही, छळत नाहीये मी, ताई. पण खुर्चीचं ठरवायचंय ना. ज्यांना ही सुटत नाहीत त्यांनी कोडी करायची म्हणजे..."

"मी शिकवीन की तिला," थोरली म्हणाली. "वर्षभर येईन मी. साधी आहे, पण कष्टाळू आहे. खुर्ची तिलाच द्या."

निर्मातीने खांदे उडवले. "तुम्ही जबाबदारी घेत असाल तर मला चालेल."

झालं. एवढंच करायचं होतं. गप्प बसायचं, मान खाली घालायची, 'ताई म्हणतात तसं' म्हणायचं. खुर्ची मिळाली असती. चौथी ओळ मिळाली असती. थोरलीला आयुष्यभर काही कळलं नसतं.

फक्त मी साधी ठरले असते. तिनेच पदरात घेतलेली, तिनेच शिकवलेली, आरसा न ओळखणारी.

"सुटली होती," मी म्हटलं.

"काय?"

"सगळी. सगळी सुटली होती." मी पहिल्या कार्डावर बोट ठेवलं. "भिंत, चार सेकंद. तो वायरमन पाच घेत होता. आरसा तीन. त्या बाईंना चार लागले. मोती अडीच."

"मॅम, पण मग कोपऱ्यात..."

"मैलाचा दगड अकरा. त्यांतले सात मी नुसती ओळ वाचत होते, ते धरायचे नसतील तर चार."

माझा आवाज चढला होता. पश्चात्तापाने नव्हे. मी फुशारकी मारत होते. इतकी वर्षं एवढे विक्रम माझ्या पोटात होते आणि ऐकायला कुणी नव्हतं.

निर्माती थोरलीकडे बघत होती. थोरलीने पर्समधून पेन काढलं, टोपण काढलं. एक कार्ड पुढे ओढलं.

"हे?"

"सहा."

'नाही' खोडून तिने सहा लिहिलं. दुसरं कार्ड.

"हे?"

"पाच."

"हे?"

"नऊ. घरं मोजायला चुकले होते आधी."

सदतीसच्या सदतीस तिने विचारली. मला प्रत्येकाची वेळ आठवत होती. निर्माती मधेच उठून बाहेर गेली, ते आम्हा दोघींनाही कळलं नाही. शेवटचं कार्ड झालं तेव्हा थोरलीने ती सगळी एकावर एक रचली, कडा जुळवल्या.

"मला वाटायचं माझंच चुकतंय," ती म्हणाली.

मी सगळ्यांत वरच्या कार्डावरचं खोडलेलं 'नाही' वाचत होते.

"मुलाखतीचं मनात धरलंस होय गं?"

"तुम्हाला आठवतंय?"

"आत्ता आठवलं." तिने पेनला टोपण लावलं. मग पहिल्यांदाच आवाज चढवला, तोही एकाच वाक्यापुरता. "अगं, पंधरा वर्षं मी स्वयंपाकघरातल्या वस्तू लिहिल्या!"

बाहेर जिन्यात पाणी पुसत होते. आम्ही दोघी ते वाळेपर्यंत थांबलो आणि वेगवेगळ्या रिक्षांनी एकाच घरी आलो.

नंतर

खुर्ची तिघांत वाटली गेली. तिघं तरुण आहेत, तिघांच्याही खुर्चीला हात आहेत. आता सगळ्याच खुर्च्यांना असतात. चाचणी बारा माणसांवर घेतात आणि सरासरी काढतात. मला पुष्पगुच्छ दिला. निर्माती चांगली मुलगी आहे, तिने कारण कुणाला सांगितलं नाही. त्यामुळे घशाच्या कृपेने मी अजूनही लोकांच्या लेखी आरसा न ओळखणारी बाई आहे.

थोरलीची कोडी आता एका साप्ताहिकात येतात. पान भरून, वर तिचा फोटो. आम्ही बोलतो, दुधाचं, पाण्याचं, दिरांच्या गुडघ्याचं. कोड्यांचं नाही. साप्ताहिक मी घरी आणत नाही. वाचनालयात जाऊन उभ्याने वाचते. नव्या ओळी जुन्यांपेक्षा चांगल्या आहेत. उजवा अंगठा आपोआप टेबलाच्या कडेवर दाबला जातो. गेल्या आठवड्यातलं मला आठ सेकंदांत सुटलं. शेजारच्या खुर्चीवर एक गृहस्थ तेच पान घेऊन डोकं खाजवत बसले होते. त्यांना मी उत्तर सांगितलं नाही.

पहिल्या भागातलं पहिलं कोडं मला सुटलं नव्हतं. मी कार्ड उलटून उत्तर पाहिलं आणि कोपऱ्यात बेचाळीस सेकंद लिहिले.